झाडून सोपवलेलं मशीन

आमच्या यादोनीत टेलिफोन गावाचा आहे. कंपनीचा नाही, सरकारचा नाही, गावाचा. कंपन्यांच्या दारात आम्ही चपला झिजवल्या. डोंगरातल्या एवढ्याशा गावासाठी टॉवर परवडत नाही, एवढंच उत्तर. मग गावसभा बसली, वर्गणी निघाली, पंचायतीच्या कौलांवर अँटेना चढली आणि आतल्या खोलीत मशीन आलं. ते सांभाळायला दरवर्षी गावातलंच एक माणूस नेमतात. पगार नाही, आणि नाही म्हणायची सोय नाही. चर्चची घंटा वाजवायची सेवा, पाण्याच्या पाळ्या बघायची सेवा, तशीच ही टेलिफोनची सेवा. सभेनं बोट दाखवलं की वर्षभर तुम्ही गावाचे.

यंदा बोट माझ्याकडं आलं.

"मला कॉफीची झाडं कळतात, मशीन नाही!" मी सभेत उभा राहून ओरडलो.

"फिलेमोन, एवढी वर्षं लॉस एंजेलिसला होतास की," मागून कुणीतरी म्हणालं.

"भांडी घासायला होतो तिथं!"

"मशीननंच घासत होतास ना?"

सगळी सभा खिदळली. झाली नेमणूक.

माझ्याआधी ही सेवा ओतिलियानं केली. ओतिलिया माझी कोमाद्रे, म्हणजे माझ्या धाकट्याची धर्ममाता, आणि मी तिचा कोंपाद्रे. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिनं त्याला हातांवर धरलं. हे नातं आमच्याकडं रक्ताच्या नात्याहून भारी, त्यामुळं लहानपणी एकमेकांच्या झिंज्या उपटणारे आम्ही आता अहो-जाहो करतो. बाई हुशार आणि स्वच्छतेची वेडी. तिच्या अंगणात कोंबड्यासुद्धा पाय पुसून येत असतील.

सेवेत असलेल्या माणसाला गाव सोडता येत नाही, हा आमचा कायदा. गेल्या वर्षी तिची लेक आरासेली खाली शहरात, वाहाकाला, बाळंत झाली आणि ते पहिलं पोर गेलं. ओतिलिया इथं बसून फोनवर लेकीचं रडणं ऐकत राहिली. गावाचा फोन, आणि तो सांभाळणारीलाच खाली जाता येईना. आता आरासेलीचे पुन्हा दिवस भरत आले होते. "ह्या वेळी मी तिच्या उशाशी असणार," असं ओतिलिया विचारलं नाही तरी सगळ्यांना सांगायची. रविवारी सभेनं मोकळं केलं की सोमवारी सकाळच्या ट्रकनं ती जाणार होती.

मोकळं व्हायची रीत अशी, की जुन्यानं सेवा झाडून-पुसून सोपवायची. मागच्या वर्षाची काडीसुद्धा मागं ठेवायची नाही. पूर्वी एका घंटावाल्यानं मनोऱ्यातली वटवाघळांची लेंडी तशीच सोडली होती. तो मरून गेला, पण त्याच्या नातवाला गाव अजून लेंड्या म्हणतं. सोपवल्यावर नवा माणूस थोडे दिवस वापरून बघतो आणि सभेत उभा राहून सांगतो, मिळालं, काही कमी नाही. मग गावप्रमुख जुन्याला मोकळं करतात. काही कमी निघालं, तर जुन्यानं नव्याच्या जोडीला राहायचं, पुढचं आख्खं वर्ष.

आणि मी शहाण्यानं काय करावं? नेमणूक झाली त्याच संध्याकाळी तिओ तिबुर्सियोंना वाटेत गाठलं. ते आमचे प्रमुख, म्हातारे आहेत, सगळं गाव त्यांना तिओ म्हणजे काका म्हणतं. "तिओ, कोमाद्रेला वर्षभर माझ्या जोडीला ठेवा, नाहीतर माझं काही खरं नाही." ते नुसतं "बघू" म्हणाले. तेव्हा आरासेली माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती. आपलं भागलं की झालं, दुसऱ्याचं काही होवो. असा मी.

आता मशीनचं सांगतो. मशीन खरं तर दोन. टेबलाखाली दिसतं ते लोखंडी खोकं. त्याच्या पोटात दुसरं एक चालतं, ज्याला हात लावता येत नाही. नेरेइदा त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणते. ही नेरेइदा शहरात बसून आमच्यासारख्या बऱ्याच गावांचे फोन बघते. खोकं मेलं तर पोटातलं उचलून दुसऱ्या खोक्यात ठेवता यावं, म्हणून ही सगळी व्यवस्था. फोनचं सगळं काम त्या पोटातल्या मशीनवर, लिनक्सवर चालतं, आणि त्याची डिस्क कुलपात असते. एकदा निवडणुकीच्या दिवसांत खालून एक चकचकीत बूटवाला आला होता, गावात कोण कुणाला फोन करतं ते सांगा म्हणत. त्याला कॉफी पाजून परत पाठवला, आणि सभेनं ठरवलं, सगळं कुलपात घाला. तेव्हापासून डिस्कवरचं सगळं असं कालवलेलं असतं की किल्लीचे शब्द नसतील तर बघणाऱ्याला नुसता भुसा दिसावा. मशीन जागं होताना किल्ली विचारतं, सेवेतला माणूस टाइप करतो. सोपवणीच्या दिवशी माझी नवी किल्ली बसवली आणि ओतिलियाची तिथल्या तिथं चारचौघांसमोर काढून टाकली. मशीन तेव्हा चालूच होतं. एकदा बंद करून बघावं, असं कुणाला सुचलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी वीज कडाडली, दिवे गेले आणि जुन्या बॅटऱ्याही माना टाकून बसल्या. शनिवारी सकाळी वीज आली. खोकं घुरघुरायला लागलं, पण पोटातलं उठेना. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच, की मुख्य डिस्क सापडत नाही, वाट बघणं सोडून दिलंय. त्याखाली एक रेघ लुकलुकत होती.

मी बंद केलं, चालू केलं. तेच. परत बंद, परत चालू. शेवटी खोक्याला एक लाथ घातली. तोवर दारात माणसं जमली होती.

"फिलेमोननं सोपवणीला नवी किल्ली घातली ना? तीच अडकली घशात."

"किल्लीत शिवी घातली असणार ह्यानं. मशीन रुसलं."

"शिवी आत्ता ऐकवू का?" मी म्हणालो.

वरवर ओरडत होतो, पण धास्ती होतीच. खरंच मी किल्ली चुकीची बसवली असेल, तर आत आता भुसाच. गावाचे नंबर, लोकांनी भरलेले पैसे, साठवलेले निरोप, सगळं गेलं.

ओतिलिया आली ती तमालांची, म्हणजे मक्याचं पीठ पानात बांधून उकडतात त्यांची, टोपली घेऊन. "आधी खा," ती म्हणाली.

"खाऊ काय? हे सगळं पुसून टाकतो आणि नवीन घालतो. कटकटच नको."

"पुसाल तर हात मोडून ठेवीन." हे तिनं अगदी शांतपणे सांगितलं. "त्यानं किल्ली विचारली का?"

"अं?"

"चालू होताना किल्ली मागितली का तुमच्याकडं?"

मी आठवून बघितलं. "नाही मागितली."

"मागितलीच नाही, तर चुकली कशी? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! चला, नेरेइदाला विचारू."

नशीब, इंटरनेटची डिश वेगळी, ती चालू होती. ओतिलियानं लॅपटॉप उघडला आणि नेरेइदाचा आवाज खोलीत आला. पोरगी गुणाची, पण शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकते, म्हणून माझा तिच्यावर थोडा राग.

"तिओ फिलेमोन, आधी एक करा. काहीच करू नका."

"तेच तर करतोय सकाळपासून!"

"लाथ मारली त्यांनी," ओतिलियानं चुगली केली.

"लाथ खोक्याला लागते, पोटातल्याला नाही," नेरेइदा म्हणाली. "आता त्या पोटातल्या मशीनची आख्खी नक्कल काढा. जे काय करायचं ते नकलेवर करू. बिघडलं तरी मूळ आहे तसं राहील."

नक्कल निघायला वेळ लागला. आम्ही तमाल खाल्ले, कॉफी घेतली. दारातली माणसं कंटाळून मक्याच्या शेतांकडं गेली. खोलीत बरं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

"आता नक्कल चालू करा आणि सुरुवातीच्या यादीतून जुना गाभा निवडा," नेरेइदा म्हणाली. "लिनक्सचा नवा गाभा आला तरी जुना मागं ठेवलेला असतो, अडीनडीला."

"यादीत एकच आहे."

"एकच कसा? जुने कुठं गेले?"

"मी काढले," ओतिलिया म्हणाली. मान ताठ, आवाजात अभिमान. "सोपवायच्या आदल्या दिवशी. मशीनलाच विचारलं, तुला काय काय लागत नाही? त्यानं दाखवलं, मी हो म्हटलं. मग आणखी थोडं माझं मी काढलं. मागची काडी ठेवली नाही, पोरी. आरशासारखं करून दिलंय."

शहरातली असली तरी नेरेइदा ओतिलियाला तिआ, म्हणजे मावशी म्हणते.

"तिआ," नेरेइदा हळूच म्हणाली, "त्यात कुलूप उघडायचा तुकडा होता का? क्रिप्ट अशा नावाचा?"

"होता तसलं काहीतरी. मी म्हटलं, डिस्क तर उघडीच आहे, आता उघडणारा कशाला?"

"आई गं. तिआ, असं बघा. घर कुलपात असतं, पण बाहेर एक ओसरी उघडी ठेवावी लागते. मशीन जागं होतं ते ओसरीवर. तिथं राखणदार बसलेला असतो. तो किल्ली विचारतो आणि दार उघडतो. तुम्ही ओसरी झाडलीत ना, तेव्हा राखणदारालाही केरात टाकलंत."

मी खो खो हसलो. "अति तिथं माती, कोमाद्रे! अहो, माणूसच झाडून टाकला!"

मग तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हसायचा थांबलो. ती पांढरी पडली होती.

"कमी निघालं," ती म्हणाली. "माझ्या सोपवणीत कमी निघालं."

"घर आत शाबूत आहे का ते आधी बघू या," नेरेइदा घाईनं म्हणाली. "तिओ, तुम्ही बसा टाइप करायला. पुढं तुम्हालाच करायचंय."

दुरुस्तीसाठी एक वेगळं लिनक्स मिळतं, ते बाहेरून लावून पोटातलं मशीन जागं करायचं. म्हणजे स्वतःच्या ओसरीवरून न जाता मागच्या दारानं जायचं. तिथून कुलूप हातानं उघडायचं. नेरेइदा एकेक अक्षर सांगत होती, मी एका बोटानं दाबत होतो. किल्लीची वेळ आली. टाइप केली, पुढं काहीच आलं नाही.

"काही आलं नाही! भुसा झाला!"

"काही आलं नाही म्हणजे उघडलं. लिनक्सला काही तक्रार नसली की ते गप्प असतं."

"माझी बायको गप्प असली की उलटं असतं," मी म्हणालो. ओतिलियाला हसू आलं नाही.

पण आत सगळं होतं. नंबर, निरोप, सगळं जिथल्या तिथं. म्हणजे माझी किल्लीही बरोबर आणि घरही शाबूत. ओतिलियानं छातीवर क्रूसाची खूण केली. मग आम्ही ओसरी घराला जोडून घेतली, राखणदाराचा तुकडा इंटरनेटवरून परत आणला आणि ओसरी नव्यानं रचायला सांगितली. मधे माझं एक अक्षर चुकलं. मशीन म्हणालं, असली आज्ञा मला माहीत नाही. मी त्याची आई-बहीण काढली.

"शिव्याही त्याला माहीत नाहीत," ओतिलिया म्हणाली. "परत टाइप करा."

शेवटी नक्कल बंद करून साधी, तिच्याच ओसरीवरून चालू केली. काळा पडदा. अक्षरं सरसर वर गेली. आणि एक ओळ येऊन थांबली, की किल्ली द्या. मला नाचावंसं वाटलं. किल्ली दिली, आणि थोड्या वेळात बाहेर चौकात कुणाचा तरी फोन वाजला. मग दुसरा. नक्कल हेच आता आमचं खरं मशीन झालं. मूळ, बिघडलेलं, तसंच बाजूला पडून राहिलं.

नेरेइदाशी बोलणं संपल्यावर मी दार लोटलं. "कोमाद्रे, ऐका. वीज गेली, वीज आली, मशीन चालू आहे. सभेत कशाला काही बोलायचं? मी म्हणतो काही कमी नाही, तुम्ही जा लेकीकडं."

तिनं तमालांची पानं गोळा करून टोपलीत भरली, टेबल पुसलं आणि गेली.

रविवारी चर्चनंतर पंचायतीच्या व्हरांड्यात सभा भरली. आमच्या सभा लांबतात. पाण्याची पाळी, रस्त्याची दरड, लेंड्याच्या बैलानं कुणाचा मका खाल्ला, असं करत करत टेलिफोन आला. तिओ तिबुर्सियोंनी काठी जमिनीवर आपटली.

"फिलेमोन, सेवा मिळाली? काही कमी?"

"मिळाली. काही कमी नाही," मी छातीठोक सांगितलं.

"होतं कमी," ओतिलिया उठून उभी राहिली.

"बसा हो खाली, कोमाद्रे!" मी दातओठ खाऊन म्हणालो, पण इतक्या मोठ्यानं की सगळ्यांनी ऐकलं आणि हसले.

ती बसली नाही. सगळं सांगितलं. जुनं काढलं, राखणदार काढला, म्हणून वीज आल्यावर मशीन उठलं नाही. किल्लीचा काही दोष नव्हता, फिलेमोनचाही नव्हता.

"चालू झालं ना आता? मग गप्प बसायचंस," बायकांतली एक म्हणाली.

"खोटं पदरात घेऊन मी लेकीच्या उशाशी बसणार नाही," ओतिलिया म्हणाली. "तिचं एक गेलंय आधीच."

तिओ तिबुर्सियोंनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. त्यांच्या जिवावर आलेलं दिसत होतं, पण रीत ती रीत.

"कमी निघालं की जोडीला राहायचं. हे मी केलेलं नाही, आजे-पणजे करून गेलेत." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि फिलेमोन, तूही म्हणालास ना मला, तिला वर्षभर ठेवा म्हणून?"

ओतिलियानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "तुम्ही?"

एवढंच. जमीन फाटून मला पोटात घेती तर बरं झालं असतं.

"म्हणालो होतो," मी म्हणालो. "गाढव आहे मी. शब्द परत घेतो."

"बोललेलं परत घेता येतं होय?"

"तोंडानं नाही येत. हातानं घेतो." डोकं तापलं की मला पुढचं मागचं दिसत नाही, तसंच झालं. "बिघडलेलं मूळ मशीन अजून पडलंय तसंच. आत्ता, इथं, तुमच्या सगळ्यांसमोर मी ते एकट्यानं उभं करतो. नेरेइदा नको, कोमाद्रे नको. जमलं तर जोडीची गरजच नाही. गरज नसताना माणूस अडकवून ठेवा, असं तुमचे आजे-पणजे म्हणाले होते का?"

सभेत कुजबुज झाली. तिओ तिबुर्सियोंनी बराच विचार केला आणि काठी आपटली. "ओतिलिया, तू पाठ करून बस."

टेबल दारात ओढून आणलं. ओतिलिया बायकांमधे भिंतीकडं तोंड करून बसली. मी आधी चालू मशीन बंद केलं. सगळ्यांच्या खिशातले फोन मुके झाले, आणि लोक बडबडायला लागले. मी बिघडलेलं मूळ पुढं घेतलं. मागच्या दारानं गेलो, किल्ली टाकली, कुलूप उघडलं. राखणदाराला परत आणला. ओसरी रचायला सांगितली, तीही रचली. मनात म्हटलं, एवढंच तर आहे. बंद करून साधं चालू केलं.

काळा पडदा. मुख्य डिस्क सापडत नाही.

"गेलं!" लेंड्या म्हणाला. "आता वर्षभर ना फोन, ना ओतिलियाला सुट्टी."

मी लाथेसाठी पाय उचलला होता, खरं सांगतो. ओतिलियाची पाठ दिसत होती. तिचे खांदे वर आले, तसेच राहिले, पण ती वळली नाही. वळली असती, नुसती खोकली असती तरी सगळं फुकट. मी पाय खाली ठेवला आणि खुर्चीत नीट बसलो. राखणदार तर आणला. मग तो दारात का नाही? कुठं बसवला मी त्याला?

आणि माझं मलाच हसू आलं. ओसरी घराला जोडायची राहूनच गेली होती. मी राखणदाराला घरात बसवलं होतं, आणि बाहेरून कुलूप! तो बिचारा आतून किल्ली कुणाला विचारणार?

"काय हसतोस रे?" तिओ तिबुर्सियो म्हणाले.

"माझ्या अकलेला हसतोय, तिओ. थांबा जरा."

परत मागच्या दारानं गेलो. ह्या वेळी आधी ओसरी जोडली, मग रचायला सांगितलं. घाई केली नाही. लोक उठबस करत होते, कुणी मेस्कलची बाटली फिरवली, मी घेतली नाही. साधं चालू केलं. अक्षरं सरसर वर गेली आणि ती ओळ आली. मी सगळ्या सभेला ऐकू जाईल असं वाचलं, "किल्ली द्या!" आणि पडद्यावर हात धरून किल्ली टाइप केली.

पहिला फोन लेंड्याचाच वाजला. त्याच्या बायकोचा, घरी कधी येतोस म्हणून. सभा हसून हसून लोळली.

तिओ तिबुर्सियो उठले. उठायला त्यांना वेळ लागतो, म्हणून सगळे गप्प झाले. मोकळं करताना म्हणायचे शब्द ठरलेले आहेत, ते त्यांनी म्हटले. "ओतिलिया, गावानं तुला घेतलं होतं, गाव तुला परत देतंय. तुझ्यावाचून आता अडत नाही. जा." बायकांनी तिला मिठ्या मारल्या. माझ्याकडं ती आली नाही.

सोमवारी सकाळी मी ट्रकपाशी गेलो. ती मागं बसली होती, मांडीवर कोंबडी बांधलेली टोपली, बाळंतिणीच्या रश्शासाठी. मी तिच्या हातात कॉफीची पुडी दिली, माझ्या झाडांची.

"आरासेलीला द्या."

तिनं पुडी घेतली, वास घेतला. "मला ठेवा म्हणून सांगितलंत तिओंना," ती म्हणाली. "आणि काल सगळ्यांना करून दाखवलंत, की माझ्यावाचून काही अडत नाही. ह्यातलं खरं कुठलं, कोंपाद्रे?"

ट्रकवाल्यानं गाडी चालू केली. मला असलं बोलता येत नाही, बायकोशीसुद्धा कधी बोललो नाही.

"अडतं हो," मी ओरडून म्हणालो. "रोज अडणार आहे. जा तुम्ही."